निमिट्झचे तीन दिवस : शक्तिप्रदर्शनाचा हुकूम आणि जहाजावरची माणसं

३१ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पर्शियन आखाताच्या मोहिमेवर असलेल्या निमिट्झ या विमानवाहू जहाजाला घरी परतायला सांगितलं. ३ जानेवारी २०२१ रोजी तो हुकूम मागे घेतला. मधल्या काळात एकही गोळी सुटली नाही, एकही जहाज बुडालं नाही. वर्तमानपत्रांत ही बातमी अमेरिका-इराण तणावाची एक छोटी घडामोड म्हणून आली आणि ६ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर जमाव चालून गेल्यावर विसरलीही गेली.

या प्रकरणाकडे इथे दुसऱ्या टोकाने पाहिलं आहे: त्या जहाजावरच्या पाच हजार माणसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या बाजूने. नावं फक्त जाहीर पदांवरच्या लोकांची आहेत. खलाशी आणि त्यांची कुटुंबं निनावी ठेवली आहेत, आणि त्यांच्या दिनक्रमाचं वर्णन त्या नौदलात सगळीकडे चालणाऱ्या रिवाजाचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: तैनाती लांबली हे वाईटच होतं, पण परतीची तारीख शत्रूला निरोप पाठवण्यासाठी वापरली गेली हे त्याहून वाईट होतं.

पार्श्वभूमी

निमिट्झ १९७५ साली नौदलात दाखल झालं. अणुशक्तीवर चालणारं, सुमारे ३३३ मीटर लांबीचं धूड. २०२० मध्ये त्याचं घर वॉशिंग्टन राज्यातलं ब्रेमर्टन, सिएटलच्या खाडीपलीकडचं नौदलाचं गाव. जहाजाचे स्वतःचे तीन हजारांच्या आसपास आणि विमानदळाचे दोन हजारांच्या आसपास लोक त्यावर राहतात. डेकवर राबणाऱ्यांत नुकती शाळा संपवून आलेली पोरं-पोरी पुष्कळ.

२०२० च्या वसंतात त्याच्या निघण्याची तयारी चालली होती तेव्हा थिओडोर रूझवेल्ट या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर करोना पसरला. बाराशेहून अधिक जणांना लागण झाली, एकाचा मृत्यू झाला. कप्तान ब्रेट क्रोझियर यांनी मदत मागणारं पत्र लिहिलं, ते बाहेर फुटलं आणि २ एप्रिलला त्यांना पदावरून दूर केलं गेलं. ते जहाज सोडून उतरताना खलाशांनी टाळ्या वाजवत त्यांच्या नावाचा गजर केला. तो व्हिडिओ जगभर फिरला आणि नौदलातल्या प्रत्येकाने पाहिला. खलाशी आपल्या वरिष्ठांकडे कुठल्या नजरेने बघत होते, हे समजायला तो पुरेसा आहे.

निमिट्झवर तसं होऊ नये म्हणून खलाशांना एप्रिलच्या सुरुवातीपासूनच घरापासून वेगळं ठेवलं गेलं. महिनाअखेर जहाज ब्रेमर्टनहून सरावाला निघालं आणि ८ जूनला सॅन दिएगोहून अधिकृत तैनातीवर. म्हणजे सरकारी कागदावर तैनाती जूनपासून, पण घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती एप्रिलपासून सुरू झालेली. पुढची बरीचशी कटुता या फरकातून आली असणार, असं मला वाटतं. वरचे लोक सातवा महिना मोजत होते तेव्हा बायको-मुलं नववा मोजत होती.

यानंतरचे महिने शक्तिप्रदर्शनाचेच. जुलैमध्ये दक्षिण चीन समुद्रात रोनाल्ड रेगन या जहाजाबरोबर दोन विमानवाहू जहाजांचा सराव झाला, तोही चीनच्या नौदलाचा पॅरासेल बेटांजवळ सराव चालू असताना. चीनच्या एका सरकारी वृत्तपत्राने विमानवाहू जहाजं बुडवणाऱ्या क्षेपणास्त्रांची आठवण करून दिली. अमेरिकी नौदलाने समाजमाध्यमावर उलट टोला दिला की तरीही जहाजं तिथेच आहेत. वाचणाऱ्याला गंमत वाटते. ज्यांना ‘तिथेच’ राहायचं होतं त्यांच्यासाठी तो आणखी एक कामाचा दिवस होता.

२० जुलैला अंदमान-निकोबारजवळ भारतीय नौदलाबरोबर सराव करून निमिट्झ अरबी समुद्राकडे वळलं. तिथे त्याने आयझेनहॉवर या विमानवाहू जहाजाची जागा घेतली. आयझेनहॉवर सलग २०६ दिवस एकाही बंदराला न लागता समुद्रात होतं. अमेरिकी नौदलासाठी तो विक्रम ठरला. जुलैच्या अखेरीस इराणने आपल्या सरावात निमिट्झ वर्गाच्या जहाजाची एक नकली प्रतिकृती समुद्रात आणून तिच्यावर क्षेपणास्त्रं डागली. ती पुढे बंदर अब्बासजवळ कलंडून बुडाली. खरं निमिट्झ १८ सप्टेंबरला होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत गेलं. ही वाट सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. अशा वाटेने एवढं मोठं जहाज नेणं हाच मुळात एक निरोप असतो.

नोव्हेंबरमध्ये आपल्या दारातला प्रसंग आला. १७ ते २० नोव्हेंबरला मलबार सरावाचा दुसरा टप्पा अरबी समुद्रात, गोव्याच्या बाजूला झाला. एकीकडे विक्रमादित्य आणि तिची मिग-२९के, दुसरीकडे निमिट्झ आणि तिची एफ-१८, सोबत जपान आणि ऑस्ट्रेलियाची जहाजं. २००७ नंतर प्रथमच ऑस्ट्रेलिया यात आली होती, त्यामुळे आपल्याकडे ‘चौकडी एकत्र’ अशा बातम्या झाल्या आणि दोन विमानवाहू जहाजं शेजारी चाललेला फोटो सगळीकडे झळकला. पण सराव होता संपर्काविना, केवळ समुद्रातला. एरवी मलबारचा एक टप्पा बंदरातला असतो: एकमेकांच्या जहाजांना भेटी, सामने, जेवणं, गावात एक संध्याकाळ. त्या वर्षी हे काही नाही. गोवा क्षितिजापलीकडे आणि पाय लोखंडावरच.

अडचण

आठ-नऊ महिने समुद्रात म्हणजे नेमकं काय, हे एका कामावरून कळतं. विमानं उडण्याआधी डेकवर सगळे रांग धरून, खांद्याला खांदा लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत चालतात. पडलेला स्क्रू, तारेचा तुकडा, खडा, दिसेल ते उचलायचं. कारण अशी एखादी वस्तू इंजिनात खेचली गेली तर विमान आणि वैमानिक दोन्ही जातात. लाल बनियनवाले दारूगोळ्याचे, जांभळे इंधनाचे, पिवळे विमानं हलवणारे, सगळे एका ओळीत. आखातात उन्हाळ्यात डेकचं लोखंड बुटातून भाजतं. ही चाल रोज होते, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळाही होते. दोनशेव्या दिवशीही नजर पहिल्या दिवसाइतकीच बारीक लागते. मनोबल म्हणजे गाणी आणि घोषणा नव्हेत. दोनशेव्या दिवशी तो स्क्रू दिसतो की नाही, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

हा ताण उतरवायची जुनी सोय म्हणजे बंदर. चार दिवस परक्या गावात फिरायचं, घरी निवांत फोन करायचा, जहाजाचं जेवण सोडून काहीतरी खायचं. करोनाने ती सोय काढून घेतली. कुठे धक्क्याला लागलंच तरी गावात मोकळं फिरायची मुभा नाही. अमेरिकी जहाजांवर १९१४ पासून दारू बंद आहे. सलग ४५ दिवस समुद्रात काढले की माणशी दोन कॅन बिअर मिळते, हा अपवाद. डेकवर शेगड्या मांडून मांस भाजतात, खेळ होतात. पहिल्या वेळी मजा येते.

घराशी संपर्काचंही तसंच. इंटरनेट आधीच तुटपुंजं, आणि जहाज काही संवेदनशील करत असलं की खलाशांचे फोन-ईमेल बंद केले जातात. हालचाल बाहेर फुटू नये म्हणून ते बरोबरच आहे. पण अशा वेळी घरच्यांना बातमी मिळते ती दूरदर्शनवरून, किंवा ऑम्बुड्समनकडून. ही जहाज आणि कुटुंबं यांच्यातला दुवा असलेली स्वयंसेवक, बहुधा एखाद्या खलाशाचीच पत्नी. आपल्याकडे रत्नागिरी, वसई, गोव्यातल्या ज्या घरांतला माणूस मर्चंट नेव्हीत आहे, त्यांना २०२० मधली ही घालमेल वेगळी सांगायला नको. क्रू बदली थांबल्यामुळे जगभरात सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकले होते.

राजकारणाची बाजू अशी: ३ जानेवारी २०२१ ही अमेरिकेने मारलेले इराणचे सेनापती कासिम सुलेमानी यांच्या हत्येची पहिली वर्षतिथी होती. २७ नोव्हेंबरला इराणचे अणुशास्त्रज्ञ मोहसेन फख्रीजादे मारले गेले. २० डिसेंबरला बगदादमधल्या अमेरिकी दूतावासाच्या दिशेने रॉकेटं सुटली. दुसऱ्या दिवशी जॉर्जिया ही पाणबुडी होर्मुझमधून उघडपणे आत गेली. पाणबुडीचा फोटो स्वतःहून प्रसिद्ध करणं म्हणजे तिचं अर्धं काम फोटोनेच करायचं ठरलं होतं. बी-५२ बॉम्बर अमेरिकेतून उडून आखातावर घिरट्या घालून परत जात होते. ३० डिसेंबरलाही अशी एक फेरी झाली.

आणि निमिट्झची जागा घ्यायला जहाज तयार नव्हतं. अमेरिकेकडे विमानवाहू जहाजं अकरा, पण दुरुस्ती आणि सराव यांतून सुटून कुठल्याही वेळी मोजकीच बाहेर असतात. नुकतं परतलेलं आयझेनहॉवर पुन्हा पाठवायचं ठरलं होतं, पण ते वर्ष उलटल्यावर निघणार होतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, निमिट्झला २० जानेवारीच्या सत्तांतरापर्यंत तिथेच ठेवायचं. मध्यपूर्वेतल्या अमेरिकी सैन्याची जबाबदारी असलेल्या सेंट्रल कमांडचे प्रमुख जनरल केनेथ मॅकेंझी यांना जहाज हवं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या. वर्षतिथीच्या तोंडावर ताकद कमी करू नये, हा साधा विचार. किंमत खलाशांनी मोजायची.

दुसरा, जहाज घरी पाठवायचं आणि धाक बी-५२, जॉर्जिया आणि जमिनीवरच्या विमानांवर सोपवायचा. बॉम्बरचा चमू दीड दिवसात घरी परततो, विमानवाहू जहाजाचा वर्षात. हा पर्याय तेव्हा जेवढा गंभीरपणे घ्यायला हवा होता तेवढा घेतला गेला नाही, असं माझं मत.

तिसरा पर्याय बातम्यांत फारसा दिसला नाही: काहीच जाहीर न करता जहाज हळूहळू पूर्वेकडे सरकवायचं. विमानवाहू जहाज नक्की कुठे आहे हे रोज सांगायची सक्ती कुणावर नसते. आठ दिवसांनी परिस्थिती निवळली तर पुढे जायचं, नाही तर फिरायचं. त्यात वचन कुणालाच दिलेलं नसतं, त्यामुळे मोडतही नाही.

चौथा, रूझवेल्टला प्रशांतातून इकडे वळवायचं. तेच करोनावालं जहाज डिसेंबरअखेर सॅन दिएगोहून पुन्हा निघालं होतं. पण मग चीनच्या बाजूला पोकळी. आणि वर्षभरात दुसऱ्यांदा घर सोडलेल्या खलाशांवर आणखी एक ओझं.

काय घडलं

दुसरा पर्याय निवडला गेला. पण ज्या पद्धतीने निवडला गेला तिथेच घोळ झाला. कार्यवाहक संरक्षण मंत्री ख्रिस्तोफर मिलर नोव्हेंबरमध्ये मार्क एस्पर यांना काढल्यावर त्या जागी आले होते. त्यांनी ३१ डिसेंबरला जहाज परतीला निघत असल्याचं जाहीर केलं. त्या वेळी निमिट्झ सोमालियातून अमेरिकी सैन्य हलवण्याच्या कामासाठी पूर्व आफ्रिकेच्या बाजूला होतं. जाहीर निवेदनात खलाशांचं कौतुक होतं. पण त्याच आठवड्यात बॉम्बरची फेरी झालेली असल्याने सगळ्यांनी ते इराणसाठीचा निरोप म्हणूनच वाचलं: बघा, आम्ही हात सैल सोडतोय.

ब्रेमर्टनमध्ये ते वेगळं वाचलं गेलं असणार. तिथे त्याचा अर्थ एवढाच: येतायत. सात समुद्रांपलीकडचं जहाज लगेच दारात येत नाही, पण दिवस मोजायला सुरुवात करता येते. घराची भाडेपट्टी, मुलांच्या शाळा, नव्या बाळाला पहिल्यांदा पाहणं, रजेचे अर्ज, सगळ्याला एक तारीख चिकटते. नववर्षाची रात्र होती.

३ जानेवारीच्या संध्याकाळी मिलर यांचं दुसरं निवेदन आलं. इराणी नेत्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आणि इतर अमेरिकी अधिकाऱ्यांना दिलेल्या ताज्या धमक्यांमुळे परतीचा हुकूम थांबवला आहे, निमिट्झ सेंट्रल कमांडच्या हद्दीतच राहील, आणि अमेरिकेच्या निर्धाराबद्दल कुणी शंका घेऊ नये, असा त्याचा आशय. किती दिवस, ते नव्हतं.

दोन्ही निवेदनांचा श्रोता तेहरान होता. पण ती ब्रेमर्टनच्या घरांतही तेवढ्याच स्पष्ट ऐकू आली. शक्तिप्रदर्शनाचं हे गैरसोयीचं अंग आहे: ते उघड असल्याशिवाय चालत नाही, आणि उघड असलं की ज्यांच्यासाठी नाही त्यांनाही कळतं.

निकाल

इराणच्या बाजूने काय निष्पन्न झालं? ३ जानेवारीला हल्ला झाला नाही. दुसऱ्याच दिवशी इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डने हांकुक केमी हे दक्षिण कोरियाचं टँकर पकडलं, आणि फोर्दोच्या अणुकेंद्रात २० टक्क्यांपर्यंत युरेनियम समृद्धीकरण सुरू केल्याचं जाहीर केलं. जानेवारीच्या मध्यावर हिंदी महासागरात लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं डागून सराव केला. न झालेला हल्ला निमिट्झमुळे टळला, की तो होणारच नव्हता, हे सिद्ध करता येत नाही. शक्तिप्रदर्शनाचे समर्थक नेमके याच अंधारात राहतात. आपल्याला हा प्रकार समोरच्या बाजूने ठाऊक आहे. डिसेंबर १९७१ मध्ये निक्सन यांनी एंटरप्राइझ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात पाठवलं. ते येईपर्यंत ढाक्याचा निकाल लागत आला होता आणि १६ डिसेंबरला शरणागती झालीच. पण त्या जहाजाची कडवट आठवण दिल्लीने पुढे कित्येक दशकं सांभाळली.

जहाजाच्या बाजूने: बायडन यांचं सरकार आल्यावर फेब्रुवारीच्या सुरुवातीला निमिट्झ आखातातून निघालं. थेट घरी? नाही. ९ फेब्रुवारीला दक्षिण चीन समुद्रात रूझवेल्टबरोबर पुन्हा एकदा दोन विमानवाहू जहाजांचं प्रदर्शन झालं, वाटेतच होतं म्हणून. नवे संरक्षण मंत्री लॉइड ऑस्टिन २५ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी जहाजावर जाऊन खलाशांना भेटले. २६ तारखेला सॅन दिएगो, ७ मार्चला ब्रेमर्टन. घरापासून दूर अकरा महिने झाले होते. व्हिएतनाम युद्धानंतर एवढी लांब तैनाती क्वचितच कुणी पाहिली होती.

मधल्या वाढीव काळासाठी अमेरिकी नौदल पैसे देतं. सलग २२० दिवसांच्या पुढे दर दिवशी साडेसोळा डॉलर, महिन्याला कमाल ४९५. सिएटलच्या परिसरात तेवढ्यात मुलाला सांभाळणारी बाई काही तासच मिळते.

जहाजावर शिस्त मोडल्याचं, विमानं थांबल्याचं काही घडलं नाही. काम झालं. पण यावरून मनोबल शाबूत होतं असा निष्कर्ष काढणारे अधिकारी मला कच्चे वाटतात. खलाशी समुद्रात काम सोडून देत नाही, कारण जाणार कुठे? त्याचा निकाल तो बंदराला लागल्यावर, करार नव्याने करायचा की नाही हे ठरवताना देतो. शिवाय मनोबल नेहमी समुद्रातच ढासळतं असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन हे जहाज न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत लांबलेल्या दुरुस्तीसाठी उभं असताना, आठवड्याभरात तिथल्या तीन खलाशांनी आत्महत्या केल्या. ते जहाज कुठल्याही शत्रूसमोर नव्हतं. दुरुस्ती संपायची तारीख मात्र पुढे पुढे सरकत होती.

निर्णयाच्या जागा

सगळ्यात महत्त्वाची जागा ३ जानेवारीची वाटते, कारण उलटफेर तिथे झाला. माझ्या मते खरी जागा ३१ डिसेंबरची. सुलेमानींची वर्षतिथी ३ तारखेला आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. धमक्या येणार, हे कुणीही सांगू शकलं असतं. अशा वेळी तीन दिवस आधी परतीची घोषणा करणं म्हणजे ती टिकणार नाही याची सोय आपणच करणं. निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. जहाज घरी पाठवणंच योग्य होतं. घोषणेचा दिवस चूक होता.

त्याआधीची जागा आणखी मागे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हाच बदली जहाजाचं वेळापत्रक आणि आखातात विमानवाहू जहाज कायम ठेवायची मागणी, यांची गाठ पडत नाही हे दिसत होतं. मागणी करणारा सेनापती एक, जहाजं पुरवणारं नौदल दुसरं, आणि लांबलेल्या दिवसांचा हिशेब तिसऱ्याच्या वहीत. मागणाऱ्याला खलाशाचा दहावा महिना फुकट पडतो, म्हणून तो मागत राहतो. शक्तिप्रदर्शन स्वस्त वाटतं ते यामुळेच. दारूगोळा खर्च होत नाही, आणि जे खर्च होतं ते दुसऱ्याच्या खात्यात पडतं.

वेगळं काय करता आलं असतं

आधी जहाजाला सांगायचं, मग जगाला. कप्तानाने डेकवरच्या भोंग्यावरून सांगितलेली गोष्ट आणि पत्नीने बातम्यांत ऐकून विचारलेली गोष्ट, यांत खलाशाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात त्याला कळतं की आपल्याबद्दलचा निर्णय आपल्याशी बोलण्यासारखा कुणाला वाटला नाही. क्रोझियर प्रकरणाच्या वर्षात हे पथ्य दुप्पट कसोशीने पाळायला हवं होतं.

निवेदनातून परतीची बातमी गाळून इराणसाठीचा निरोप बॉम्बरच्या फेऱ्यांनी देता आला असता. बॉम्बर पाठवणं-न पाठवणं रोज बदललं तरी कुणाच्या घरातलं कॅलेंडर फाटत नाही.

आणि उलटफेर करायचाच होता तर शेवटची तारीख द्यायची. ‘अमुक दिवसापर्यंत, त्यापुढे नाही’ असं सांगितल्याने इराणला फायदा होतो, हा आक्षेप मला पटत नाही. विमानवाहू जहाजं कायमची थांबत नाहीत हे तेहरानला चांगलं माहीत आहे. शिवाय २० जानेवारीला सरकार बदलणार, हे तर जगजाहीर होतं. ती तारीख न सांगून ती लपली फक्त खलाशांपासून.

यावर एक उत्तर नंतरच्या वर्षांत मिळालं, अर्धंमुर्धं. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेलं आयझेनहॉवर लाल समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांशी महिनोन् महिने प्रत्यक्ष लढलं. त्याची तैनाती दोनदा वाढली आणि ते १४ जुलै २०२४ रोजी, नऊ महिन्यांनी परतलं. कप्तान ख्रिस्तोफर हिल यांनी त्या काळात मनोबल हे स्वतःचं काम मानलं. समाजमाध्यमांवर रोज कुणा ना कुणा खलाशाचं नावानिशी कौतुक करायचं. जहाजावर डेमो नावाचं लॅब्रॅडॉर कुत्रं होतं. हूथींनी जहाजावर मारा केल्याचा दावा केला तेव्हा उत्तरादाखल भटारखान्यातल्या ताज्या पदार्थांचे फोटो टाकायचे. तेही एक शक्तिप्रदर्शनच, पण ते शत्रूइतकंच ब्रेमर्टनसारख्या गावांतल्या घरांसाठीही होतं. आई-वडिलांना रोज जहाज तरंगताना दिसत होतं.

तैनाती वाढवायचा किंवा संपवायचा अधिकार मात्र हिल यांच्याकडे नव्हता. ती वॉशिंग्टनने संपवली, आणि त्यासाठी २०२० मध्ये बाजूला ठेवलेला चौथा पर्याय वापरला: रूझवेल्टला प्रशांतातून तिकडे वळवलं. चीनच्या बाजूची जी पोकळी तेव्हा टाळायची होती, ती या वेळी पत्करली गेली.